हडसन : कस्टम्सची टगबोट लढाईत उतरली तेव्हा

बंदरात मोठं जहाज धक्क्याला लागताना तुम्ही पाहिलं असेल, तर त्याला ढकलणारी, ओढणारी बुटकी टगबोटही पाहिली असेल. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. आज मी अशाच एका टगबोटीची सेवेची कहाणी सांगणार आहे. तिचं नाव हडसन.

आधी एक शब्द समजून घेऊ. अमेरिकेत 1790 पासून अर्थखात्याच्या हाताखाली एक सागरी दल होतं, रेव्हेन्यू कटर सर्व्हिस. आयात माल जकात चुकवून येऊ नये, हे पाहणं त्याचं मूळ काम. या दलाच्या जहाजाला ‘कटर’ म्हणत, मग ते शिडाचं असो की वाफेचं. म्हणून हडसन बांधणीनं टगबोट होती, पण हुद्द्यानं कटर.

न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे ती बांधली गेली आणि 1893 मध्ये सेवेत आली. लांबी शंभर फुटांहूनही कमी. पण पोलादी सांगाडा आणि ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन असलेली ती या दलातली पहिलीच बोट. हे इंजिन म्हणजे काय? एकदा तयार झालेली वाफ एका सिलिंडरमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते, दर वेळी दाब कमी होत जातो आणि तीच वाफ तीनदा काम करते. कोळसा वाचतो. न्यूयॉर्क बंदरात येणाऱ्या जहाजांपर्यंत कस्टम्सच्या माणसांना पोहोचवायचं, हे तिचं रोजचं काम.

1898 मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध पेटलं. अशा वेळी ही कटर जहाजं नौदलाच्या हुकमतीखाली जात. हडसनवर छोट्या तोफा बसवल्या आणि लेफ्टनंट फ्रँक न्यूकम तिला घेऊन क्यूबाला गेले.

11 मे 1898. क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावरचा कार्देनासचा उपसागर फार उथळ आहे. मोठी जहाजं आत जाऊ शकत नव्हती, म्हणून विल्मिंग्टन ही गनबोट, विन्स्लो ही टॉर्पेडो बोट आणि हडसन, अशा तिघी आत गेल्या. विन्स्लो सर्वात पुढे होती. किनाऱ्यावरून स्पॅनिश तोफांचा मारा सुरू झाला. टॉर्पेडो बोट वेगासाठी हलकी बांधलेली, तिचा पत्रा पातळ. विन्स्लोचं सुकाणू निकामी झालं, इंजिनही जायबंदी झालं आणि ती तोफांसमोर असहाय वाहवत राहिली.

आता उपयोगी पडणार होता तो दोरखंड. भर माऱ्यात हडसन जवळ गेली. दोर घ्यायला विन्स्लोची माणसं डेकवर जमली होती, तेवढ्यात तिथे तोफगोळा फुटला. एन्साइन वर्थ बॅगली आणि आणखी चौघांचा जीव गेला. या युद्धात मारले गेलेले अमेरिकन नौदलाचे बॅगली हे पहिले अधिकारी. तरीही हडसन मागे फिरली नाही. अखेर तिने विन्स्लोला ओढून तोफांच्या पल्ल्याबाहेर काढलं. हडसनवरचं कुणीही दगावलं नाही.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दिवशी विन्स्लोचा वेग वाया गेला. कामी आली ती हडसनची ओढण्याची ताकद आणि दुसऱ्या बोटीला चिकटून काम करायची रोजची सवय. धाडस होतंच, पण त्या धाडसाच्या हाताशी योग्य साधनही होतं.

राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी काँग्रेसकडे शिफारस केली. त्यानुसार न्यूकम यांना सुवर्णपदक, त्यांच्या अधिकाऱ्यांना रौप्य आणि खलाशांना कांस्यपदक देण्यात आलं. म्हणजे बॉयलरपाशी कोळसा टाकणारा माणूसही विसरला गेला नाही.

पुढे 1915 मध्ये हे दल आणि जीवरक्षक दल एकत्र येऊन आजचं कोस्ट गार्ड तयार झालं. हडसन त्यातही राबत राहिली आणि 1935 मध्ये विकली गेली. बेचाळीस वर्षांच्या नोकरीत प्रसिद्धी मिळाली ती एका दुपारची. बाकी सगळी वर्षं बंदरातल्या कामाची.

पुढच्या वेळी बंदरात गेलात, तर टगबोटीकडे जरा थांबून बघा. भेटू पुढच्या भागात.