दान आणि देणे
सुरतेच्या वखारींपासून छप्पन्नच्या दुष्काळापर्यंत ख्रिस्ती शिकवणीचा प्रवास

सुरतेत ख्रिस्ती धर्म व्यापाराच्या गलबतांतून आला. 1613 साली मोगल फर्मान मिळाल्यावर इंग्रजांची वखार येथे स्थिरावली. तीन-चार वर्षांत डच आले, 1668 मध्ये फ्रेंचांची वखार झाली. आर्मेनियन सौदागरांची वस्तीही शहरात होती. नीळ, सुती कापड आणि मसाल्यांच्या व्यापारातून नफा मिळवण्यासाठी ही माणसे तापीकाठी जमली होती. त्यांच्या धर्माची धनाबद्दलची शिकवण मात्र धनवंताला सुखाने झोपू देणारी नव्हती. या दोहोंमधला ताण सुरतेच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसतो.

शास्त्रातील पाया

या शिकवणीचे मूळ यहुदी नियमशास्त्रात आहे. शेत कापताना कडेचा भाग राखून ठेवावा आणि सरवा वेचू नये, कारण तो गरिबाचा व परदेशी माणसाचा आहे, असे लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत सांगितले आहे. सातव्या वर्षी कर्ज सोडावे, पन्नासाव्या म्हणजे योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, हे त्यातलेच नियम. यांपैकी कशालाही उपकार मानलेले नाही. सरवा हा गरिबाचा हक्क आणि शेतमालकाकडचे त्याचे देणे आहे. हिब्रू भाषेत दानधर्मासाठी रूढ झालेल्या ‘त्सदाका’ या शब्दाचे मूळही न्याय या अर्थाच्या धातूत आहे.

येशूने हाच विचार दाखल्यांतून पुढे नेला. लूकच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंत माणसाने दाराशी पडलेल्या लाजराला मारले नाही की लुबाडले नाही. तो रोज त्याच्यावरून नजर फिरवून जेवत राहिला, आणि त्याच्या विनाशाला तेवढे पुरले. जकातदारांचा मुख्य असलेल्या जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि फसवून घेतलेल्याची चौपट भरपाई कबूल केली. म्हणजे दयेबरोबर हिशेबही चुकता केला. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवा धनिकांपेक्षा मोठी ठरली, कारण दानाचे मोल मागे काय उरले त्यावरून ठरले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दिवशी भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा दिला की नाही आणि आजारी व बंदिवान माणसाचा समाचार घेतला की नाही, एवढेच पाहिले जाते. गरजूसाठी जे केले ते ख्रिस्तासाठीच केले, असा त्याचा अर्थ.

चौथ्या शतकात, पुढे कैसरियाचा बिशप झालेल्या बासिल याने दुष्काळाच्या काळात कोठारे बंद ठेवणाऱ्यांना सुनावले की वापराविना पडलेले धान्य आणि वस्त्र हे भुकेल्याचे व उघड्याचेच आहे. पुढे त्याने शहराबाहेर आजारी, निराधार आणि वाटसरूंसाठी मोठी वसाहत उभारली. ख्रिस्ती परंपरेतील रुग्णालयांचा इतिहास बहुधा तेथून सांगितला जातो. धन मुळात पाप आहे, असे या परंपरेने म्हटले नाही. धनाचा मालक हा विश्वस्त आहे आणि गरजेपलीकडचे जे आहे ते दुसऱ्याचे देणे आहे, असे तिने मानले.

लुटीत वाचलेली दोन दारे

बाराव्या शतकाअखेरीस असिसी गावी कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या फ्रान्सिसने वडिलांची संपत्ती सोडून दारिद्र्य पत्करले. त्याच्या पंथातून सोळाव्या शतकात कापुचिन शाखा निघाली आणि 1528 मध्ये तिला पोपची मान्यता मिळाली. जाडेभरडे वस्त्र, कमरेला दोरी आणि खाजगी मालकीचा त्याग हे तिचे व्रत होते. फ्रेंच कापुचिन साधू 1640 च्या सुमारास सुरतेत आले. कापडाच्या या पेठेत कापडवाल्याच्या मुलाचा दारिद्र्याचा वारसा पोहोचला.

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. विरजी व्होरा आणि हाजी सय्यद बेग यांच्यासारख्या बड्या सावकारांचे वाडे लुटले गेले. इंग्रज आणि डच यांनी वखारी शस्त्रांनी राखल्या. कापुचिनांचा मठ मात्र शस्त्रांविना वाचला. त्यांचे प्रमुख फादर अँब्रोझ यांनी महाराजांची भेट घेऊन शहरातील गरीब ख्रिस्ती लोकांच्या जिवाला धक्का लागू नये अशी विनंती केली आणि ती मान्य झाली, असे दोन वर्षांनी सुरतेत आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे. फ्रँस्वा बर्निये या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशानेही मठ वाचल्याचे सांगून आणखी एक नोंद केली आहे. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही लुटीतून वगळले गेले, कारण हयातीत तो मोठा दानशूर होता अशी खात्री महाराजांना पटली होती.

या दोन घरांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. एकात धन नव्हतेच, दुसऱ्यात भरपूर होते. एकाने धन सोडले होते, दुसऱ्याने ते वाहते ठेवले होते. ख्रिस्ती शिकवणीत धनाबद्दलचे हेच दोन मार्ग मान्य आहेत: संन्याशाचा संपूर्ण त्याग आणि गृहस्थाचे उघडे दार. दुसऱ्या मार्गाचे उदाहरण त्या दिवशी एका हिंदू दलालाच्या घराने दिले.

थडगी आणि पांजरापोळ

वखारवाल्यांनी आपल्या मागे वेगळ्या खुणा ठेवल्या. सुरतेच्या इंग्रज दफनभूमीत 1659 मध्ये वारलेला ख्रिस्तोफर ऑक्झेंडन आणि 1669 मध्ये वारलेला त्याचा भाऊ, वखारीचा प्रमुख सर जॉर्ज यांची घुमटदार समाधी सुमारे 40 फूट उंच आहे. डच दफनभूमीत 1691 मध्ये वारलेल्या व्हान रीड या डच कंपनीच्या अधिकाऱ्याची समाधीही तशीच भव्य आहे. मोगल उमरावांच्या मकबऱ्यांशी स्पर्धा करणाऱ्या या वास्तूंतून कंपन्यांचा दरारा दिसतो. ज्या धर्माच्या संस्थापकाला उसन्या कबरीत ठेवले गेले, त्याची शिकवण त्यांत शोधावी लागते.

त्याच काळात इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा एक धर्मोपदेशक सुरतेतील दया बारकाईने पाहत होता. 1689 मध्ये इंग्लंडहून निघालेल्या जॉन ओव्हिंग्टनने आपल्या प्रवासवर्णनात वाण्यांनी म्हाताऱ्या आणि जखमी जनावरांसाठी चालवलेल्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. जैन-वैष्णव महाजनांची जीवदया, मुसलमानांची जकात, पारशांचा दानधर्म हे सारे सुरतेत आधीपासून रुजलेले होते. करुणा येथे ख्रिस्ती लोकांनी आणली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. भर वेगळ्या ठिकाणी होता. महाजनी परंपरेत दात्याचे पुण्य आणि अहिंसेचे व्रत पुढे होते, तर ख्रिस्ती परंपरेत गरजू माणसात देवाचेच दर्शन घेण्यावर भर होता.

मिशन आणि छप्पन्नचा दुष्काळ

एकोणिसाव्या शतकात सुरतेचे वैभव ओसरले. बंदराचा व्यापार मुंबईला गेला आणि 1837 मध्ये आधी प्रचंड आग, नंतर पूर, असे दोन तडाखे बसले. 1815 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायव्ही येथे आले होते. त्यांनी बायबलचे गुजराती भाषांतर करून सुरतेतच छापले. लाजराची आणि जक्कयाची गोष्ट गुजराती वाचकाला त्याच्या भाषेत मिळाली. 1846-47 च्या सुमारास हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. शाळा आणि छापखाना ही त्याची मुख्य साधने होती. 1970 मध्ये या मिशनच्या मंडळ्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या.

या शिकवणीची मोठी परीक्षा विक्रम संवत 1956 च्या, म्हणजे 1899-1900 च्या दुष्काळात झाली. गुजरातेत हा दुष्काळ ‘छप्पनियो’ म्हणून लक्षात राहिला. पाऊस गेला, गुरे मेली आणि पाठोपाठ पटकी आली. मिशनांनी अन्नवाटप केले, अनाथालये उघडली. केडगावच्या मुक्ती मिशनमधून पंडिता रमाबाईंनी गुजरातेतल्या निराधार मुली आणवल्या. मुक्तीतल्या स्त्रिया आणि मुलींची संख्या त्या काळात हजाराच्या वर गेली. रमाबाईंनी स्वतः 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. दुष्काळात अन्नासाठी वणवण करणाऱ्या मुलीला कोणकोणत्या संकटांना तोंड द्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी अन्नापाठोपाठ लिहिणे-वाचणे, शिवण, विणकाम, शेती आणि छपाई शिकवली. मदत घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, हा त्या शिक्षणाचा हेतू होता.

याच काळात एक गंभीर आक्षेप पुढे आला. भुकेल्याला अन्नाबरोबर धर्म दिला तर त्याच्या निवडीला स्वातंत्र्य उरते का? अनाथालयांतली मुले बहुधा ख्रिस्ती म्हणूनच वाढली, त्यामुळे हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. त्याचे उत्तर ख्रिस्ती शास्त्रातच सापडते. शोमरोनी माणसाने वाटेवरच्या जखमी माणसाला उचलले तेव्हा त्याचा धर्म विचारला नाही आणि त्याच्याकडून काही मागितलेही नाही. डाव्या हाताला कळू न देता द्यावे, असे डोंगरावरील प्रवचन सांगते. परतफेडीची अट घातली की देण्याचा सौदा होतो, आणि तो या शिकवणीला मान्य नाही.

दयेच्या आधी मजुरी

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात धनिकांना दिलेला सर्वांत कठोर इशारा दान न दिल्याबद्दलचा नाही. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते आहे आणि तो आक्रोश देवापर्यंत पोहोचला आहे, असे तेथे म्हटले आहे. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर काढलेल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकानेही न्याय्य मजुरी ही मालकाची जबाबदारी ठरवली. कामगाराची गुजराण होईल इतकी मजुरी देणे हे मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, असा त्याचा आशय आहे.

आजची सुरत हिऱ्यांची आणि यंत्रमागांची आहे. खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे उधना आणि लिंबायत भागांत राहतात; ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारचे कामगार त्यांच्या शेजारी मागावर उभे असतात. 2020 च्या टाळेबंदीत घरी परतण्यासाठी आणि थकलेल्या मजुरीसाठी हेच कामगार रस्त्यावर आले. अशा शहरात अन्नछत्र चालवणे पुण्याचे काम आहेच. पण मागावरच्या माणसाची मजुरी त्याच्या हाती वेळेवर पडणे हे त्याआधीचे देणे आहे. सरव्याच्या नियमापासून याकोबाच्या पत्रापर्यंत ही शिकवण हाच क्रम पाळते: प्रथम देणे फेडावे, मग दान करावे.