निवासांतर सामान
परदेशातील वास्तव्य संपवून स्वदेशी कायमचे परतणाऱ्या व्यक्तीने बरोबर आणलेल्या वा स्वतंत्रपणे पाठविलेल्या वैयक्तिक व घरगुती वस्तूंना निवासांतर सामान म्हणतात. विक्रीचा माल आणि वापरातील संसार यांत भेद करून संसारावरील आयातशुल्क पूर्णतः वा अंशतः माफ करण्याची पद्धत अनेक देशांत आहे. भारतात तिचा आधार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ यातील कलमे ७७ ते ८१ हा होय.

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमती वाढल्या, आखाती देशांत रोजगार निर्माण झाला आणि वसई तालुक्यातील अनेक कुटुंबांतील माणसे तिकडे गेली. तेथे परदेशी व्यक्तीचा निवास परवाना सर्वसाधारणपणे नोकरीशी निगडित असतो. त्यामुळे निवृत्ती म्हणजे बहुधा परतीचा प्रवासच ठरतो आणि अनेक वर्षांचा संसार थोडक्या दिवसांत बांधावा लागतो.

शुल्क वस्तूवर आकारले जात असले, तरी माफी व्यक्तीच्या वास्तव्यावर अवलंबून असते. २०१६ च्या प्रवासी सामान नियमांत परदेशी राहण्याच्या काळानुसार चार मर्यादा होत्या : तीन ते सहा महिने राहिलेल्यास ६०,००० रु., सहा महिने ते एक वर्ष राहिलेल्यास १,००,००० रु., आधीच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष राहिलेल्यास २,००,००० रु. आणि सलग किमान दोन वर्षे राहिलेल्यास ५,००,००० रु. शेवटच्या मर्यादेसाठी त्या दोन वर्षांतील भारतभेटी एकूण सहा महिन्यांहून अधिक नसाव्यात आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी, अशा अटी होत्या. निवृत्तिपूर्व रजेमुळे वा विशेष कारणाने दोन वर्षांत दोन महिन्यांपर्यंत पडलेली तूट माफ करण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्यास होता.

या अटींचा आर्थिक परिणाम मोठा असतो. समजा, सवलतीस पात्र अशा घरगुती सामानाचे मूल्य ४,००,००० रु. आहे. दोन वर्षे पूर्ण केलेल्यास त्यावर शुल्क पडत नसे. वीस महिन्यांनी परतणाऱ्यास मात्र वरच्या २,००,००० रुपयांवर ३५ टक्के दराने ७०,००० रु. व अधिभार भरावा लागे. नियम व दर वेळोवेळी बदलतात. कलम ७८ प्रमाणे सामानाचे घोषणापत्र दिल्याच्या दिवशी जो दर असेल तो लागू होतो.

बंदुका, ठरावीक मर्यादेबाहेरील मद्य व सिगारेटी, दागिन्यांव्यतिरिक्त सोने-चांदी आणि सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच यांना २०१६ च्या नियमांत ही माफी नव्हती. मोटारगाडी प्रवासी सामानात मोडत नाही. तिच्या आयातीच्या अटी व शुल्क वेगळे असतात. 

जहाजाने वेगळे पाठविलेले सामान परदेशात प्रवाशाच्या ताब्यात असलेले हवे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते प्रवासी येण्यापूर्वी दोन महिन्यांपर्यंत पोहोचू शकत असे, किंवा तो आल्यापासून एका महिन्यात परदेशातून रवाना व्हावे लागे. मुंबई बंदर किंवा १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांतून ते सोडवून घेताना पारपत्र, बिल ऑफ लेडिंग व पेटीवार यादी लागते. यादीत ‘घरगुती वस्तू’ एवढेच लिहिलेले असल्यास तपासणी लांबते आणि विलंब झाल्यास बंदरातील जागाभाडे वाढत जाते. म्हणून प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या, अंदाजे वय व किंमत नोंदणे हितावह असते.

आयात परवान्यांच्या काळात विजेची उपकरणे येथे दुर्मिळ असल्याने ती आणणे फायद्याचे होते. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने ती स्थानिक बाजारात मिळू लागली. त्यामुळे वाहतूक खर्च, शुल्क व जागाभाडे यांची बेरीज वस्तूच्या येथील किंमतीशी ताडून पाहणे आवश्यक झाले. तथापि पुस्तके, कौटुंबिक छायाचित्रे, शिवणयंत्र, कामाची हत्यारे यांसारख्या वस्तूंचे मोल अशा हिशेबात पूर्णपणे उतरत नाही; वापरातील संसाराला सवलत देण्यामागील मूळ हेतूही हाच आहे.