बेरोजगारीचे टक्के कशातले?

बातम्यांत ‘बेरोजगारी इतके टक्के’ असं ऐकलं की गटात हमखास विचारणा होते, हे टक्के कशातले? गटाच्या वहीत व्याज काढता येतं तिला हाही हिशेब जमतो.

समजा, गावात पंधरा वर्षांवरच्या २०० बायका आहेत. ९० जणी काम करतात. १० जणी काम शोधताहेत, पण मिळत नाही. उरलेल्या १०० ना कामावर, ना शोधात. कुणी शिकतेय, कुणी घर सांभाळतेय, कुणी थकलेली. काम करणाऱ्या आणि शोधणाऱ्या मिळून झाल्या १००. हे श्रमबल. २०० पैकी १००, म्हणजे सहभाग ५० टक्के. आता बेरोजगारी. इथे बऱ्याच जणी १० ला २०० ने भागतात आणि ५ टक्के सांगतात. पण भागायचं श्रमबलाने, १०० ने. उत्तर १० टक्के.

खरी गंमत पुढेच आहे. त्या दहातल्या पाच जणींनी कंटाळून शोधणंच सोडलं. काम एकीलाही मिळालेलं नाही. तरी श्रमबल उरलं ९५, बेरोजगार ५, आणि बेरोजगारी आली सव्वापाच टक्क्यांवर! म्हणून नुसता तो आकडा ऐकून आम्ही तरी खूश होत नाही. सहभाग किती, तेही बघतो.

देशाचे हे आकडे सरकारच्या आवधिक श्रमबल सर्वेक्षणातून येतात. ग्रामीण बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के. मात्र यातल्या सगळ्या जणींच्या हातात मजुरी पडते असं समजू नका. घरच्या शेतात खुरपणी केली, दमडी मिळाली नाही, तरी मोजणीत ते कामच. उलट स्वयंपाक, पाणी भरणं, सरपण गोळा करणं, घरापुरतं शिवण हे धरत नाहीत. आम्हाला पटत नाही, पण नियम तसा आहे.

सर्वेक्षक दारात आला की घरातला पुरुष सांगून मोकळा होतो, ‘ती घरीच असते.’ तेव्हा पुढे व्हा. खुरपणी, कापूस वेचणी, विकायचं दूध, पापडाची ऑर्डर, काय काय आणि किती दिवस केलं ते सांगा. मुख्य काम नसलं तरी वर्षात ३० दिवस किंवा जास्त केलेलं असं कामही मोजलं जातं.