बिडाच्या ब्लॉकला गेलेला तडा

३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने व्ही-८ इंजिनाची गाडी बाजारात आणली, तोवर आठ सिलिंडरची व्ही रचना ही धनिकांच्या गाड्यांची मिरास होती. दोन्ही रांगांचे सिलिंडर आणि क्रँककेस बिडाच्या एकाच अखंड ओतकामात काढून हेन्री फोर्ड यांनी हे इंजिन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. मुंबईला ते परकं नव्हतं. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ साली स्थापन झाली आणि मुंबईत तिच्या गाड्यांची जुळणी होत असे. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या कॅनडाच्या फोर्ड लष्करी ट्रकांतही याच घराण्यातलं इंजिन होतं. जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या गॅरेजात हा ब्लॉक आजही सापडतो, आणि पुष्कळदा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटपाशी तडकलेलाच सापडतो.

दोष रचनेत आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी बसवलेले आहेत. जळालेला वायू थेट बाहेर न पडता ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या पोकळीला घासून बाहेर येतो. प्रत्येक रांगेतल्या मधल्या दोन सिलिंडरना तर मिळून एकच वाट आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच ब्लॉकमध्ये उतरते. सीट आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, यांच्यामध्ये बिडाची जेमतेम एक पट्टी असते. पाण्याच्या पोकळीत गंज, कधी कधी तर ओतशाळेतली मूळ वाळूसुद्धा साचलेली असते. पाणी तिथवर पोहोचत नाही, पट्टी तापत राहते. अशात कुणी उकळत्या इंजिनात गार पाणी ओतलं की ती तडकते.

प्रत्येक तड्याला हात लावायचा नसतो. हेडच्या स्टडपासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली केसभर रेघ अनेक ब्लॉकमध्ये असते. गॅस्केट ती झाकून घेतं. सीटमधून बोअरमध्ये उतरलेला तडा मात्र सोडता येत नाही, कारण तो पाण्याच्या पोकळीपर्यंत पोहोचला की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. म्हणून ब्लॉक आधी स्वच्छ धुऊन, वाळू उकरून काढून त्यावर विद्युतचुंबक ठेवतात आणि बारीक लोहचूर्ण भुरभुरतात. चूर्ण तड्यावर गोळा होतं आणि डोळ्यांना न दिसलेली रेघ टोकापर्यंत उमटते.

इथे वेल्डिंगचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे : थंड ब्लॉकवर वेल्डिंग करू नये. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास असतो. सांध्याजवळचा भाग झटकन निवला की कठीण आणि ठिसूळ होतो, आणि त्याच्या कडेने नवा तडा जातो. अख्खा ब्लॉक भट्टीत तापवून वेल्डिंग करता येतं, पण मग बोअर आणि बेअरिंगची रेषा वाकण्याचा धोका असतो.

त्यापेक्षा थंड टाके बरे. तड्याच्या टोकाशी ड्रिल मारायचं, टॅपने आटे पाडायचे, सीलंट लावून पिन आवळायची आणि वरचा भाग छाटायचा. पुढचं भोक आधीच्या पिनेचा थोडा भाग कापत पाडायचं. कौलं एकमेकांवर चढवावीत तशा पिना तडाभर चढत जातात. या पिनांचे आटे साध्या स्क्रूसारखे नसतात. पिन आवळताना तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढल्या जाव्यात, असा त्यांचा आकार असतो. मग जुनी सीट कापून तिथे खाच घ्यायची आणि तिच्यापेक्षा चार-पाच थाऊ, म्हणजे इंचाचे चार-पाच हजारांश, मोठी रिंग कोरड्या बर्फात गारठवून आत ठोकायची. गारठ्याने आकसलेली रिंग पुन्हा ब्लॉकच्या तापमानाला आली की घट्ट धरते. खाच खोल गेली तर खालची पाण्याची पोकळी उघडी पडते, म्हणून मापाला इथे फार किंमत आहे. शेवटी ४५ अंशांत सीट घासून, ब्लॉकमध्ये दाबाने हवा भरून गळती तपासायची.

केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत. तेव्हा मूळ ब्लॉक वाचवण्याला आता कायद्याचंही कारण आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडे असा ब्लॉक धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तो एकदा चुंबकाखाली तपासून घ्यायला सांगा.