बास मासा नक्की कशाला भुलतो? ल्युअर निवडण्यामागचं साधं गणित

मासेमारीचा एखादा व्हिडिओ चुकून पूर्ण बघितला की पुढचे आठ दिवस फीडमध्ये तेच येत राहतं. त्यातला एक प्रकार तर ठरलेला. अमेरिकेतलं कुठलंतरी तळं, चकचकीत बोट आणि बोटीतला माणूस खोका उघडतोय. खोक्यात शे-दीडशे रंगीत मासे, बेडूक, गांडुळं आणि धातूच्या चकत्या, सगळं खोटं. त्यातलं एक उचलून तो पाण्यात फेकतो आणि दहाव्या सेकंदाला एक हिरवट मासा भलामोठा जबडा उघडून त्याच्यावर तुटून पडतो. खाली पहिली कमेंट असते, "भाऊ, ल्युअर कुठला?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फक्त त्या ल्युअरच्या नावात नसतं. तोच ल्युअर घेऊन तुम्ही दुसऱ्या तळ्यावर, दुसऱ्या महिन्यात, भर दुपारी उभे राहिलात तर संध्याकाळपर्यंत हात हलवत परत याल. नक्की काय बघून ल्युअर निवडायचा, ते आज समजून घेऊ.

आधी ल्युअर म्हणजे काय ते. कोकणात खाडीवर गरवायला बसलेला माणूस गरीला कोळंबी लावतो. नदीवर पोरं गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. ते खरं खाणं असतं, त्याला वास असतो, चव असते, त्यामुळे गळ टाकून गप्प बसलं तरी चालतं. ल्युअर म्हणजे लाकूड, प्लॅस्टिक, रबर किंवा धातूचं खोटं आमिष. बहुतेक ल्युअर नुसते पाण्यात टाकून काही होत नाही. ते ओढायचे, झटकायचे, थांबवायचे, पुन्हा ओढायचे. माशाला फसवतं ते ही हालचाल.

आणि हा बास म्हणजे लार्जमाउथ बास, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत एशियन सी-बास म्हणतात, पण दोघांची नात्यागोत्याची ओळख नाही. बासचा स्वभाव दबा धरून बसण्याचा. पाण्यात पडलेलं झाड, बोटीचा धक्का, शेवाळाची कड असा आडोसा बघून तो उभा राहतो. शिकार टप्प्यात आली की जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट तिला आत ओढून घेतो. माशाला हात नसतात, त्यामुळे समोरची वस्तू खरी की खोटी हे तपासायचं झालं तरी तोंडातच घ्यावी लागते. ल्युअरचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता एक जुनी गोष्ट. २ जून १९३२. अमेरिका महामंदीत होरपळत होती. जॉर्जिया राज्यातला जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी एका मित्राला घेऊन माँटगोमेरी लेकवर गेला. सांगतात ते असं, की दोघांत मिळून एकच ल्युअर होता. त्या दिवशी पेरीला लागलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त भरला. त्याने तो 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेसाठी नोंदवला आणि बक्षीस मिळवलं. मासा घरच्यांनी खाल्ला. ते वजन आजही विश्वविक्रम आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. त्यांचा मासा खरं तर काही ग्रॅमनी जास्त भरला होता, पण नियमाप्रमाणे विक्रम मोडायला किमान २ औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. कुरितांनी तर ल्युअर वापरलाच नव्हता, त्यांच्या गळाला जिवंत ब्लूगिल मासा होता. दीडशे ल्युअरचा खोका या विक्रमात कुठेच नाही.

याचा अर्थ कुठलाही ल्युअर चालतो असा नाही. मासा जिथे आहे तिथे, त्याला कळेल असा आणि त्याला झेपेल अशा वेगाने जाणारा ल्युअर लागतो.

मासा कुठे उभा आहे?

सुरुवात इथून करायची, कारण पंधरा फुटांवर तळाशी बसलेल्या माशाला पृष्ठभागावरून गेलेल्या बेडकाशी काही देणंघेणं नसतं. प्रत्येक ल्युअर पाण्याच्या ठरावीक थरात चालतो. पॉपर आणि बेडूक वर तरंगतात. क्रँकबेट नावाचा गुबगुबीत मासा असतो, त्याच्या हनुवटीला प्लॅस्टिकची एक जीभ असते. ही जीभ लांब आणि पुढे आडवी आलेली असेल तर ओढल्यावर तो खोल बुडी मारतो, आखूड आणि खाली वळलेली असेल तर वरच्या वर चालतो. दुकानात पाकिटावर किती फूट ते लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे लोक ते वाचत नाहीत, माशाचे डोळे किती खरे वाटतात ते बघतात.

तळाशी जायचं तर जिग किंवा रबरी गांडूळ. ओहायो राज्यातल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ बाजारात आणलं आणि बासच्या मासेमारीचा नूरच पालटला. ते अडचणीच्या जागी टाकायची एक सोपी युक्ती आहे, तिला टेक्सास रिग म्हणतात. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छोटं वजन दोरीत ओवायचं, मग गळ बांधायचा आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं. टोक उघडं नसल्यामुळे ते फांदीत किंवा शेवाळात अडकत नाही. माशाने चावा घेतला आणि तुम्ही हिसका दिला की ते बाहेर येऊन रुततं. बास राहतो अडचणीत, म्हणून अडचणीत जाऊ शकणारा ल्युअर हवा. उघड्या तिहेरी गळांचा सुंदर मासा झाडाच्या फांद्यांत फेकणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं, अगदी शब्दशः.

बेडकाचं तसंच. त्याचं अंग पोकळ आणि मऊ असतं, दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून अलगद सरकतो. महाराष्ट्रात मरळ पकडणारे हौशी लोक तळ्यातल्या कमळांवरून आणि जलपर्णीतून हाच बेडूक फिरवतात. मासा वेगळा, पण दबा धरायची खोड तीच.

पाणी स्वच्छ आहे की गढूळ?

याची परीक्षा फुकट होते. ल्युअर बोटीशेजारी पाण्यात सोडायचा आणि किती खोल गेल्यावर दिसेनासा होतो ते बघायचं. चार-पाच फुटांपर्यंत दिसत असेल तर मासाही तो नीट बघणार आहे. तिथे लहान आकार आणि फार आवाज न करणारी चीज बरी. फुटाभरातच दिसेनासा झाला तर बास त्याला डोळ्यांपेक्षा अंगाने ओळखणार. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, तिने पाण्यातली थरथर कळते. म्हणून गढूळ पाण्यात गोल चकती फिरवणारा स्पिनरबेट किंवा पोटात छर्रे खुळखुळणारा क्रँकबेट. चकतीतही फरक आहे. गोल चकती पाणी जास्त ढवळते, तर विलोच्या पानासारखी लांबट चकती थरथर कमी करते पण चमकते जास्त. पहिली गढुळासाठी, दुसरी निवळ पाण्यासाठी.

पाणी किती गार आहे?

मासा शीतरक्ताचा. पाणी थंड झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि शिकारीमागे धावणं परवडत नाही. पाण्याचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली असताना जोरात ओढलेला ल्युअर तो नुसता बघत राहतो. तेव्हा जर्कबेटला एक झटका द्यायचा आणि आठ-दहा सेकंद तसाच लटकत ठेवायचा. नवख्याला हे सगळ्यात कठीण जातं, हात शिवशिवतात. उन्हाळ्यात उलटं. पहाटे आणि तिन्हीसांजेला मासा काठाशी येतो, तेव्हा पृष्ठभागावरचे ल्युअर. ऊन चढलं की तो खोल पाण्यात किंवा सावलीत जातो, त्याच्यामागे रबरी गांडूळ. शरद ऋतूत शॅड नावाच्या चंदेरी माशांचे थवे तळ्याच्या फाट्यांमध्ये शिरतात आणि बास त्यांच्यामागे जातो. तेव्हा चंदेरी किंवा पांढरं, जरा वेगात ओढलेलं काहीही.

आणि रंग?

तो सगळ्यात शेवटी. दुकानदार मात्र तो सगळ्यात आधी दाखवतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बास माशांना खाऊचं आमिष दाखवून रंग ओळखायला शिकवलं. २०१९ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात दिसलं, की बासला लाल आणि हिरवा रंग चांगला ओळखता येतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसंच निळा आणि काळा यांत त्याचा गोंधळ होतो. म्हणजे एकाच ल्युअरचे पांढरा आणि पोपटी असे दोन नग घेतले तर फरक तुम्हाला कळतो, त्याला फारसा नाही. त्यात पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं, त्यामुळे खोलवर गेलेला लालभडक ल्युअर काळपट दिसतो. निवळ पाण्यात शेवाळी-तपकिरी, गढूळ पाण्यात गडद काळा किंवा अगदी उजळ, एवढं धोरण पुरतं.

खरेपणापेक्षा चाल महत्त्वाची, हे फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी फार आधी हेरलं होतं. पोटासाठी मासेमारी करणाऱ्या या माणसाच्या लक्षात आलं, की मोठे मासे थव्यातल्या अडखळत पोहणाऱ्या माशालाच हेरतात. १९३६ मध्ये त्यांनी बुचाचं लाकूड कोरून तसा लडखडणारा मासा बनवला, वर चॉकलेटची चांदी लावली आणि पाणी शिरू नये म्हणून वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा थर दिला. १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला, तोही मेरिलिन मन्रो मुखपृष्ठावर असलेल्या अंकात. पुढे मागणी इतकी वाढली की पुरवठा पुरेना. आज रापाला हा ब्रँड आपल्याकडच्या दुकानांतही मिळतो.

मग सगळं बरोबर करूनही मासा का लागत नाही? कारण काही मासे लागतच नाहीत. इलिनॉयमधल्या रिज लेक या प्रयोगाच्या तळ्यात १९७७ पासून चार वर्षं पकडलेला प्रत्येक बास खूण करून परत सोडला गेला. शेवटी तळं उपसलं तेव्हा १,७०० हून जास्त मासे निघाले, त्यातले सुमारे २०० चार वर्षांत एकदाही गळाला लागलेले नव्हते. काही मात्र पुन्हा पुन्हा लागले होते. पुढच्या पिढ्यांवर प्रयोग केल्यावर दिसलं, की गळाला भुलण्याचा हा स्वभाव काही अंशी आनुवंशिक आहे. चटकन भुलणारे नर घरट्याची राखणही जास्त जोमाने करतात, हेही त्याच संशोधनातून पुढे आलं.

हा शेवटचा मुद्दा व्हिडिओंमध्ये सहसा सांगत नाहीत. वसंतात पाणी साधारण १६ ते १८ अंशांवर आलं की बासचा नर काठाजवळ तळ साफ करून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण तो एकटा करतो. या काळात घरट्यात काहीही टाका, तो त्यावर धावतो. भुकेने नाही, अंड्यांजवळ आलेल्या आगंतुकाला हाकलायला. 'हा ल्युअर जादुई आहे' म्हणून फिरणारे बरेच व्हिडिओ याच दिवसांतले असतात. जादू ल्युअरची नसते, बापाची राखण असते. त्याला बोटीवर घेऊन फोटो काढेपर्यंत ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात.

म्हणून काही ठिकाणी कायदाच आड येतो. भरपूर मराठी कुटुंबं असलेल्या न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास पकडला तर तिथल्या तिथे सोडावा लागतो. गोड्या पाण्यात मासेमारीसाठी तिथे १६ ते ६९ वयोगटाला परवाना लागतो, प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. मेन, न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत शिशाच्या छोट्या वजनांवर बंधनं आहेत, कारण लून पक्षी ती गिळून मरतात. तिथे टंगस्टनचं वजन घ्यायचं. महाग पडतं, पण तेवढ्याच वजनाला आकाराने लहान असतं.

तिकडे राहणारं कुणी पहिल्यांदा खोका भरत असेल तर एक रबरी गांडुळांचं पाकीट, त्यासाठीचे गळ आणि वजनं, एक स्पिनरबेट, एक मध्यम खोलीचा क्रँकबेट आणि तळ्यात पानं-शेवाळ असेल तर एक बेडूक, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासा सोडताना जबडा फाटत नाही, आणि गळ स्वतःच्या बोटात घुसला तर तोही सहज निघतो.