तळहातावरची काठी आणि दोन क्रूझर

चिपळूणहून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. वय बावीस, उंची पाच फूट तीन इंच, नवी नोकरी आणि आयुष्यातली पहिली मोटारसायकल. आजवर घरची स्कूटर चालवली, गिअरची गाडी कधी नाही. दोन क्रूझर तिच्या मनात भरल्या आहेत: बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ आणि रॉयल एनफील्डची मीटिऑर ३५०. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं आहे, पावसाळ्यातसुद्धा. मित्र म्हणतात, ‘घ्यायचीच तर साडेतीनशे घे, दोनशेवीसमध्ये दम नाही.’ वडील म्हणतात, ‘दोन्ही नकोत.’ तिचा प्रश्न असा, की विज्ञान कोणाच्या बाजूने आहे?

आधी त्या ‘दम’ शब्दाचा हिशेब करू. मीटिऑरचं इंजिन ३४९ सीसीचं, ताकद सुमारे २० अश्वशक्ती. अ‍ॅव्हेंजरचं २२० सीसीचं, ताकद १९. वजनं अनुक्रमे १९१ आणि १६३ किलो. पंचावन्न किलोची मुलगी वर बसली, तर मीटिऑरमध्ये एका अश्वशक्तीच्या वाट्याला साधारण बारा किलो येतात आणि अ‍ॅव्हेंजरमध्ये साडेअकरा. म्हणजे जिच्यात दम नाही म्हणतात, तिच्याच वाट्याला ओझं थोडं कमी!

हे जमतं कसं? बांधकामावर रेती वाहणारी दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एकाकडे मोठं घमेलं, दुसऱ्याकडे लहान. लहान घमेलंवाला भराभर खेपा मारतो आणि तासाभरात दोघांचे ढीग सारखेच होतात. घमेल्याचं माप म्हणजे टॉर्क, खेपा म्हणजे इंजिनाचे फेरे आणि तासाभराचा ढीग म्हणजे अश्वशक्ती. मीटिऑर २७ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तोही ४००० आरपीएमला. अ‍ॅव्हेंजर देते साडेसतरा, ७००० आरपीएमला. मोठं घमेलं नवशिक्याला एकाच जागी उपयोगी पडतं. चढावर थांबलेली गाडी हाफ क्लचवर उचलताना कमी फेऱ्यांतच जोर मिळतो, म्हणून इंजिन सहजासहजी बंद पडत नाही. घाटात याला किंमत आहे. पण निर्णय यावर होऊ नये, कारण गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करता येते.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट. चार फुटांची काठी तळहातावर उभी धरून बघा. मग तशीच पेन्सिल धरा. काठी सावरते, पेन्सिल पडते. उंच वस्तू सावकाश कलते, तेवढ्यात हात तिच्याखाली नेता येतो. चालती मोटारसायकल ही अशीच उभी धरलेली काठी आहे. जमिनीला टेकलेलं पुढचं चाक म्हणजे तळहात. गाडी डावीकडे कलली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे नेतो, चाकं पुन्हा भाराखाली येतात आणि गाडी सावरते. म्हणूनच ‘क्रूझर बसकी असते, त्यामुळे तोल आपोआप राहतो’ हे वाक्य ऐकून लगेच मान डोलावू नये. बसकेपणा कामाला येतो तो गाडी थांबल्यावर. चालताना तोल राखते ती हँडलची हालचाल.

काठी खाली ठेवू नका. ती उभी धरूनच डावीकडे चालायला लागा आणि स्वतःच्या हाताकडे नीट बघा. तळहात आधी किंचित उजवीकडे गेला, त्यामुळे काठी डावीकडे कलली आणि मग तुम्ही तिच्यामागे डावीकडे निघालात. दुचाकीचं वळण हुबेहूब असंच घडतं. विल्बर राइट यांच्या हे फार पूर्वी ध्यानात आलं होतं. विमान उडवण्याआधी राइट बंधूंचं ओहायोतल्या डेटनमध्ये सायकलचं दुकान होतं. विल्बर यांनी डझनावारी सायकलस्वारांना विचारलं, डावीकडे वळताना नेमकं काय करता? आधी हँडल क्षणभर उजवीकडे जातं, हे एकालाही सांगता आलं नाही. रोज वळत सगळेच होते! हातांना येतं ते डोक्याला ठाऊक नसतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

मोटारसायकलवर याचा नियम सोपा आहे. वेग वीस-पंचवीसच्या वर असेल, तर डावीकडे वळायला डावं हँडल अलगद पुढे ढकलायचं, उजवीकडे वळायला उजवं. एरवी हात हे आपणहून करतात. पण समोर अचानक म्हैस आली की घाबरलेला माणूस हँडल हिसकतो किंवा दोन्ही हात ताठ करून बसतो, आणि गाडी सरळ म्हशीकडे जाते. म्हणून हे डोक्यालाही ठाऊक हवं.

क्रूझरचा स्वभावही याच हँडलपाशी कळतो. तिचा पुढचा फोर्क जास्त तिरका असतो. इस्पितळातल्या स्ट्रेचरचं पुढचं चाक जसं आपल्या खिळीच्या मागे मागे येतं आणि ढकलू तिकडे सरळ होतं, तसं तिरक्या फोर्कचं चाक वेगात सरळ राहू पाहतं. हायवेवर हा आराम वाटतो. मात्र पार्किंगमध्ये किंवा यू-टर्न घेताना तेच हँडल आत लोळू लागतं आणि गाडी अचानक जड वाटते. अ‍ॅव्हेंजरच्या दोन चाकांमधलं अंतर १४९० मिलिमीटर, मीटिऑरचं १४००. अरुंद जागेत वळवायला मीटिऑर थोडी सोपी. शिवाय क्रूझरचे फुटरेस्ट पुढे असल्यामुळे खड्ड्यात पायांवर उभं राहता येत नाही आणि धक्का थेट कमरेत जातो. कोकणातल्या रस्त्यांवर जाणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

गाडी थांबली की तळहाताचं काम पाय करतात. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटरवर आहे असं धरू. १९१ किलोची गाडी पाच अंश कलली, तर हँडलपाशी सुमारे आठ किलोचा जोर पुरतो. वीस अंश कलली की तेहतीस किलोचा लागतो. हलक्या अ‍ॅव्हेंजरला त्याच वीस अंशांवर अठ्ठावीस. दोन गाड्यांमधला फरक पाच किलोंचा, आणि पाच अंश व वीस अंश यांमधला पंचवीस किलोंचा! म्हणून गाडीच्या वजनापेक्षा पाय किती लवकर टेकतो हे महत्त्वाचं. अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटर उंचीवर, मीटिऑरची ७६५ वर. शोरूममध्ये रोजचे बूट घालून बसा, गाडी सरळ करा आणि दोन्ही टाचा टेकतात का ते बघा. फक्त चवडे टेकत असतील, तर उतारावर, शेवाळलेल्या कडेला किंवा खडीवर ती गाडी कधीतरी कलंडणार.

कलंडलेल्या गाडीची लीव्हर मोडते, पायाला खरचटतं. जीव जातो तो दुसऱ्या ठिकाणी, आणि ते ठिकाण ज्यांनी शोधून दाखवलं त्या हॅरी हर्ट यांचं नाव मोटारसायकलच्या शोरूममध्ये फोटो लावण्याच्या योग्यतेचं आहे. हर्ट मूळचे विमानशास्त्राचे. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांसाठी त्यांनी लिहिलेलं वायुगतिकीचं पुस्तक आजही वाचलं जातं. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात असताना त्यांच्या पथकाने लॉस एंजलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. पोलिसांचे ३६०० अहवाल वेगळे तपासले. निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेगाने उडणारे बेफाम स्वार ही आपली कल्पना त्या आकड्यांपुढे टिकत नाही. अपघाताआधीच्या वेगांचा मध्यांक होता ताशी ४८ किलोमीटर. वाचण्यासाठी हातात असलेला वेळ बहुतेकदा दोन सेकंदांहूनही कमी. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. हँडल ढकलून बाजूला निसटणं जवळजवळ कोणालाच जमलं नाही. ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्या-मित्रांच्या हाताखाली शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना अपघातातल्या त्या गाडीचा पाच महिन्यांचाही सराव नव्हता. आणि डोक्याच्या दुखापतीपासून वाचवण्यात हेल्मेटला तोड नव्हती.

लॉस एंजलिसचे रस्ते आपले नव्हेत, पण घर्षणाचे नियम तेच आहेत. जोरात ब्रेक लावला की भार पुढे झुकतो आणि एकूण वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग पुढच्या चाकावर येतो. हलकं झालेलं मागचं चाक काय थांबवणार? कोरड्या डांबरावर ४८ च्या वेगाने दोन्ही ब्रेक नीट वापरले, तर गाडी साधारण १३ मीटरांत थांबते. फक्त मागचा वापरला, तर तीस मीटर लागतात. मधल्या सतरा मीटरांत एक अख्खी एसटी उभी राहून वर जागा उरते.

आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक करकचून दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारं तंत्र, सक्तीचं झालं, नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि जुन्यांना एप्रिल २०१९ पासून. पण कायद्याला एका चाकाचं एबीएस चालतं. अ‍ॅव्हेंजरला ते पुढच्या चाकापुरतं आहे. मागे ड्रम ब्रेक, आणि घाबरून दाबला तर चाक लॉक होऊ शकतं. मीटिऑरला दोन्ही चाकांवर एबीएस मिळतं. हर्ट यांच्या नोंदींतली पहिली चूक, मागचं चाक घसरवण्याची, ती बऱ्याच अंशी माफ करते. पुढचा ब्रेक न वापरण्याची चूक मात्र कोणतंही एबीएस सुधारत नाही.

तर माझं उत्तर. पावसातल्या कुंभार्ली घाटासाठी मी मीटिऑरच्या बाजूने आहे, अर्थात तुझ्या दोन्ही टाचा टेकत असतील तरच. सीसीसाठी किंवा दमासाठी मुळीच नव्हे, मागच्या चाकावरच्या एबीएससाठी. टाचा टेकत नसतील तर अ‍ॅव्हेंजर निःशंक घे. मागचा ब्रेक मऊ पायाने दाबायची सवय अंगी बाणव आणि पावसात पहिले काही महिने घाट टाळ. गाडी कोणतीही असो, तुझे पहिले पाच महिने हीच खरी निवड आहे.

ते महिने वडिलांना सोबत घेऊन सुरू कर. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानाकडे जा, पण धावायला मातीऐवजी डांबराचा किंवा काँक्रीटचा कोरडा, मोकळा पट्टा निवड. हेल्मेटचा पट्टा लाव. आडवी चुन्याची रेघ वडिलांना मारायला सांग. आधी दहा-पंधराच्या वेगाने, मग वाढवत तीसपर्यंत ये आणि रेघेवर ब्रेक लाव. फक्त मागचा लावलास, तर बारा मीटरांच्या आसपास थांबशील. दोन्ही लावून, पुढचा हळूहळू पिळत नेलास, तर सरावाने पाच-सहा मीटरांपर्यंत येशील. अंतर वडिलांनी स्वतःच्या पावलांनी मोजावं. सोळा पावलांची सात पावलं होताना ते डोळ्यांनी पाहतील, त्या दिवशी त्यांना पुन्हा विचार, गाडी घेऊ का?