चांदोलीतली न दिसणारी शिकार

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात २००४ साली एका पर्यटकाच्या कॅमेऱ्यात विलक्षण झुंज सापडली. सिंहांनी धरलेले रेडकू मगरीनेही ओढले. तेवढ्यात पळालेला कळप परतला, एका सिंहाला शिंगांवर घेऊन उडवले आणि रेडकू जिवंत सुटले. 'बॅटल अ‍ॅट क्रूगर' या नावाने ही चित्रफीत जगभर गाजली.

सातारा-सांगलीच्या डोंगरांतला तोलामोलाचा सामना वाघ आणि गव्याचा. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात जातो, म्हणजे आफ्रिकी रेड्याहूनही भारी. पण ही झुंज पडद्यावर क्वचितच येते. उघड्या माळावर सिंह कळपाने शिकार करतात. वाघ एकटा, दाट झाडीत दबा धरून, बहुधा अंधारात. मारलेले जनावरही तो झुडपात ओढून नेतो. इथे टोळीने शिकार करतात ते कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. इथला खरा छायाचित्रकार म्हणजे झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप. समोरून उबदार अंग हलले की तो फोटो घेतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात आणि त्यांवरूनच वाघ ओळखायचा असतो. मे २०१८ मध्ये इथे वाघ टिपला गेला. पुढचा फोटो मिळाला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये.

माहितीपटांत शिकारीची शेवटची दोन मिनिटे दिसतात. त्याआधीचे गवत मात्र राहून जाते, आणि महत्त्वाचे तेच आहे. चांदोलीतली गावे उठली, त्यांच्या शेतांत गवत माजले, तिथे आणि झोळंबीच्या सड्यावर गवे चरू लागले. तरी मोठ्या गव्यावर झेप घेणे वाघाच्याही जिवावर बेतू शकते. त्याला सांबर, भेकर, रानडुक्कर लागतात. त्यांत भर म्हणून सांगली जिल्ह्यातल्याच सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून इथे सोडले गेले.

त्यानंतर वाघीण आली. डिसेंबर २०२३ पासून टिपलेले तिन्ही वाघ नर होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून एक मादी चांदोलीत आणली, तीही रेडिओ कॉलर लावून. अशी कॉलर लावलेला वाघ एकाच जागी बराच वेळ थांबला, की तिथे शिकार झाल्याचा अंदाज बांधता येतो. तो निघून गेल्यावर उरलेली हाडे आणि केस पाहून ठरते: सांबर की गवा.